अंडी उठवायला नागपूरला

कोकणातला माणूस मे महिन्यात नागपूरला निघाला, तर त्याच्याकडे एकतर लग्नाची पत्रिका असते नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. माझ्याकडे पत्रिका नव्हती, म्हणून आमच्या वाडीनं दुसरं कारण गृहीत धरलं. लांज्याजवळ माझी आंब्या-काजूची नर्सरी आहे. मी सगळ्यांना सांगितलं की संत्र्याची कलमं बघायला चाललोय. या जांभ्या दगडात संत्रं लावणार म्हटल्यावर लोक पोट धरून हसले, पण खोलात कुणी शिरलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

खरं कारण असं की मला आणि माझ्या बायकोला, मंजिरीला, लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल नव्हतं. दोनदा टेस्ट ट्यूबचे उपचार करून झाले होते. पहिल्या वेळी तिची नऊ अंडी मिळाली, दुसऱ्या वेळी बारा. प्रत्येक अंड्यात बारीक सुईनं माझा एकेक शुक्राणू सोडला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की एकही अंडं फळलं नाही. शून्य. तिथल्या डॉक्टरांनी अंड्यांचा दर्जा बरा नाही असं सांगून दुसऱ्या बाईची अंडी घेण्याचा सल्ला दिला. मंजिरी घरी येऊन चार दिवस बोलली नाही. मी तिची समजूत काढत होतो, आणि समजूत काढताना आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं मला वाटत होतं. हे आज लिहायलाही लाज वाटते.

मग गजूचा फोन आला. गजू म्हणजे दापोलीला शेतकी शिकताना तीन वर्षं माझ्या खोलीत राहिलेला नागपूरचा मित्र. त्याच्या मेहुण्याला अगदी असाच शून्याचा अनुभव आला होता आणि आता त्याची मुलगी बालवाडीत होती. "काहून घरी बसून राहिला बे? इकडे ये," एवढंच तो म्हणाला. मंजिरीनं बॅग भरली, पण आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं. "ही शेवटची. यानंतर माझ्या पोटात एकही सुई जाणार नाही."

नंदनवन

गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उतरल्यावरचं मात्र आहे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि तोंडावर कुणीतरी तव्याची वाफ सोडावी तसं झालं, फक्त वाफेत पाणी नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस घामानं भिजतो, इथे घाम यायच्या आधीच वाळतो. रस्त्यावरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड पांढऱ्या दुपट्ट्यानं बांधून स्कूटर हाणत होत्या. मंजिरी म्हणाली, सगळं शहर दरोड्याला निघालंय की काय.

गजूचं घर नंदनवनात. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, घरात तो आणि त्याची आई. काकू सत्तरीच्या. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग, ती थोरला मुलगा बघतो. शेतातून उठून शहरात आलेल्या बाईचा आवाज जसा असतो तसा त्यांचा आवाज, दोन वाफ्यांपलीकडे जाईल असा.

"आले का गा बाबू! ये वं पोरी, कूलरसमोर बस पहिले. मंग बोल."

कूलर हा नागपूरच्या घरातला सर्वांत मानाचा माणूस. खिडकीत तो बसलेला, त्याला वाळ्याची टाटी, आणि काकू त्याच्या पाण्यात रोज दुपारी खसच्या, म्हणजे वाळ्याच्याच अत्तराचे दोन थेंब टाकायच्या. अकरा वाजले की दारं-खिडक्या बंद, पडदे बंद, सगळे चिडीचूप. आमच्याकडे दुपारी दार बंद दिसलं तर शेजारी काय झालं म्हणून विचारायला येतात. इथे दार उघडं दिसलं असतं तर कुणीतरी बंद करायला आलं असतं.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर मी पहिल्याच सकाळी हरलो. गजूनं कोपऱ्यावर नेऊन तर्री-पोहे खायला घातले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं घालतात, ते किती सज्जनपणाचं आहे हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि गजू शेजाऱ्याला सांगतोय, "कोकणातला आहे, रडून राहिला." तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून जास्तीची तर्री मागितली.

अजून एक. आमच्याकडे पाहुण्याला "जेवून आलात ना?" असं विचारतात, आणि तो हो म्हणेल अशी आशा असते. काकूंकडे जेवलेल्या माणसालाच पुन्हा बसवायची रीत. पाटवडीचा रस्सा, वडाभात, त्यावर फोडणीच्या तेलाची धार. नको म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे. गजूचं "पाच मिनिटांत येऊन राहिलो" म्हणजे तासभर, हेही मी पहिल्या दोन दिवसांत शिकलो.

प्रताप नगर

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रताप नगरात. मंजिरीची इंजेक्शनं सुरू झाली आणि त्याच दिवशी माझाही नमुना घेतला. पूर्वी दोन ठिकाणी तपासला होता, संख्या बरी म्हणून सोडून दिला होता. इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख वैशाली मॅडम. पन्नाशीला टेकलेल्या, जाड चष्मा, पायात रबरी चपला. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावून पडद्यावर काहीतरी दाखवलं.

"हे दुसऱ्या माणसाचे. डोकं पाहा, लांबट असते, समोर टोपीसारखं असते. आता हे तुमचे." पडदा बदलला. "सगळे गोल. टोपीच नाही."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे सुईनं आत नेऊन ठेवले तरी अंड्याले पत्ताच नाही लागत, की कोणी आलं म्हणून. अंड्याले जागं करायची जी गोष्ट शुक्राणूनं संग आणा लागते, ती यांच्यापाशी नाही."

मंजिरीनं विचारलं, "मग माझी अंडी?"

"तुमच्या अंड्यांले काय झालं? काही नाही झालं. झोपून राहिले बिचारे."

मंजिरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. मला तिच्याकडे बघवेना. मी पडद्यावरच्या त्या गोल डोक्यांकडे बघत बसलो. पंचक्रोशीत माझ्या हाताला यश आहे असं म्हणतात. वर्षाला हजारो कलमं बांधतो, शंभरातली नव्वद लागतात. माझ्यात काही खोट असेल ही शंका नऊ वर्षांत मला एकदाही आली नव्हती. तिच्या एकवीस धडधाकट अंड्यांवर ठपका ठेवून मी तिची समजूत काढत होतो.

वैशाली मॅडमनी तिला पाणी दिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. त्यांनी जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही, म्हणून तसंच देतो.

"मी खापरखेड्याची. आमचे बाबा तिथं पॉवर हाउसच्या बॉयलरवर होते. आता मले सांगा, बॉयलरमधे कोळसा भरला म्हणून पेटते का? नाही पेटत. पहिले तेलाची आग द्या लागते. लाइटअप म्हणतात त्याले. भट्टी तापली की कोळसा आपला आपण जळते, मंग तेल बंद करून टाकतात. आपण तेच करू. सुईनं शुक्राणू टाकू, मंग अंडे दहा-पंधरा मिनिटं एका औषधात ठेवू. अंड्याच्या आत कॅल्शियम साठवलेलं असते, ते या औषधानं सुटते. तेवढाच धक्का. औषध धुऊन टाकायचं. पुढचं काम अंड्याचं."

"नक्की होईल?"

"जो नक्की म्हणते त्याच्याजवळ जाऊ नका. करून पाहू, इतकंच मी म्हणून राहिली."

त्यांनी काही लपवलं नाही. हा उपाय सरसकट सगळ्यांसाठी नाही, ज्यांचं फलनच होत नाही त्यांच्यासाठी आहे. अशी झालेली जी मुलं पाहण्यात आहेत ती चांगली आहेत, पण अजून फार मोठ्या संख्येचा अनुभव नाही. कागद घरी न्या, वाचा, मग सही करा. आम्ही ते कागद कूलरसमोर बसून दोनदा वाचले आणि सही केली.

सूचनांचा एक वेगळा कागदही होता. अंडी काढायच्या दिवशी सेंट, पावडर, सुगंधी तेल, गजरा काही नको. मी तो मंजिरीला मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा, बोट नाचवत. हा कागद पुढे येणार आहे.

त्या आठवड्यात काकूंनी मंजिरीची अशी बडदास्त ठेवली की काही विचारू नका. तिच्या भातावर तूप, तिला पन्हं, तिच्या पायाला तेल, तिच्या नावानं नवस. आणि जोडीला बोलणं. "होईन वं पोरी. बाईच्या जातीले सोसाच लागते. तुह्या अंगात थोडी ताकद आली ना, की होते." मंजिरी मान खाली घालून ऐकायची. मला म्हणाली नाही की सांग म्हणून. ती कधीच म्हणाली नव्हती. घरी माझ्या आईनं तिला सोळा सोमवार करायला लावले तेव्हाही नाही.

आठव्या दिवशी जेवताना काकूंनी तिच्या ताटात पुन्हा तूप ओतायला घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"काकू, दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे."

गजूचा घास तोंडातच राहिला. काकूंनी तुपाची वाटी हवेत थांबवली. माझे कान तापले होते. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जसं काही बाजारातून आणलेलं भांडं घरी आल्यावर चिरलेलं निघालं होतं.

"मंग मी आठ दिवस इलाज चुकीच्या माणसाचा करून राहिली होती का?"

मंजिरी हसली. नागपूरला आल्यापासून पहिल्यांदा ती मनापासून हसली, इतकी की तिला ठसका लागला. काकूंनी वाटी उचलून सगळं तूप माझ्या भातावर उपडं केलं. "पहिले सांगा लागते ना गा बाबू! त्यात लाजायचं काय? आमच्या बागेत दोन झाडं होते, बहार धरतच नव्हते. खत दिलं, लागले धरायले. माणूस काही झाडाहून वेगळा आहे का?"

त्या रात्री मला शांत झोप लागली. आठवडाभर पोटात वागवलेला दगड काढून कुणाच्यातरी ओट्यावर ठेवल्यासारखं वाटलं.

पण काकूंच्या लेखी आता पेशंट मी होतो, आणि त्याचे परिणाम लवकरच दिसले.

अंडी काढायचा दिवस उजाडला. त्याआधी छत्तीस तास एक इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि एकदा ते घेतलं की ठरलेल्या वेळेलाच अंडी काढावी लागतात. आमची वेळ साडेदहाची. मंजिरी सकाळी साध्या पाण्यानं न्हाऊन, बिनवासाची, देवळातल्या समईसारखी बसली होती. मी दाढी करून बाहेर आलो तर काकू वाट्या घेऊन तयार. डोक्यावर वासाचं आवळ्याचं तेल थापलं. "डोकं थंड तं सगळं थंड." कानात खसच्या अत्तराचा फाया. मग पँटच्या खिशात एक भला मोठा कांदा. विदर्भात उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, त्यानं लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही म्हणतात. आमच्याकडे कांदा फक्त खातात. मी म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून गप्प बसलो. सूचनांचा कागद? तो बायकांसाठी असतो ना. मी मंजिरीला दोनदा वाचून दाखवला होता. तो मलाही लागू आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही, इतका मी हुशार.

गजूच्या गाडीत मंजिरी पुढच्या सीटवर बसली होती, खिडकी उघडी. तिला वास आला तो नंदनवनातल्या कूलरचाच वाटला. आम्हा सगळ्यांचं नाक इतक्या दिवसांत खसला सरावलं होतं.

दवाखान्यात मंजिरीला आत नेलं. मला नमुना द्यायला प्रयोगशाळेशेजारच्या खोलीकडे पाठवलं. दोन दारं ओलांडली तोच आतून आवाज आला.

"कोण आहे? खस कोणी लावला?"

वैशाली मॅडम दारात आल्या. नाक वर करून त्यांनी दोनदा श्वास घेतला आणि हात आडवा केला. "तिथंच थांबा! एक पाऊल पुढे नको."

मी थांबलो. खिशातला कांदा हातानं झाकला.

"कागद नाही वाचला?"

"वाचला. म्हणजे... बायकोला वाचून दाखवला."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतल्या बाकावर उभं राहिल्यासारखं झालं. "अंडं म्हणजे कोंबडीचं अंडं नाही हो ते, वरून कवच असायले. ज्या तेलाखाली अंडे ठेवतो ना, त्या तेलात वास उतरते. आम्ही इथं फिनाइल नाही वापरत, साबणसुद्धा बिनवासाचा वापरतो. अन् तुम्ही अत्तराचं दुकान घेऊन आले!" घड्याळाकडे पाहिलं. "नऊ पन्नास. मागच्या बाजूले स्टाफचं न्हाणीघर आहे. साबण लावू नका, डाळीचं पीठ लावा. तेल गेलंच पाहिजे."

डाळीचं पीठ? मी खिडकीतून गजूला हाक मारली. तो गाडीला टेकून उभा होता. "गजू, बेसन आण! कुठूनही आण!"

"पाच मिनिटांत येऊन राहिलो!"

गजूची पाच मिनिटं म्हणजे मंजिरीची अंडी वाया. पण सांगायला आनंद वाटतो, त्या दिवशी पाच मिनिटांत गजू खरोखर आला. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याकडून त्यानं बेसनाचं अख्खं पातेलं उचलून आणलं होतं, भजीवाला त्याच्या मागे पळत आलेला.

मे महिन्यात नागपूरच्या टाकीतलं पाणी सकाळी दहा वाजता चहा करण्याजोगं असतं. त्या कढत पाण्यानं मी तीनदा डोकं धुतलं, तीनदा बेसन चोळलं. कान पिरगळून पिरगळून घासला. भाजत होतं आणि मी रडतही होतो, कारण मनात एकच चाललं होतं की पहिल्या दोन्ही वेळा मीच होतो, आणि आता तिसऱ्या वेळीही मीच. कपडे आणि कांदा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गजूबरोबर फाटकाबाहेर पाठवले. दवाखान्याचा हिरवा झगा घालून मी दारापाशी गेलो. वैशाली मॅडमनी वाकून माझ्या डोक्याचा वास घेतला.

"आता भज्याचा येऊन राहिला. चालते. जा."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

अंडी अकरा मिळाली. मंजिरी गुंगीतून बाहेर आली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "किती?" आणि दुसरं, "तू हिरवा का आहेस?" मी तिला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळची ती वेळ आम्हा दोघांना पाठ होती. आदल्या दोन्ही खेपांना याच वेळी फोन आला होता. मी तर्री-पोहे आणून ठेवले होते, कुणी हात लावत नव्हतं. काकू देवासमोर बसल्या होत्या. मला सारखं वाटत होतं की माझ्या अत्तराचा एखादा थेंब त्या दारातून आत गेलाच असेल. साडेआठला फोन वाजला. मंजिरीनं तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"वैशाली बोलून राहिली. अकरातले नऊ पिकले होते. नऊच्या नऊमधे शुक्राणू टाकला, औषधात ठेवले, धुतले." मध्ये कागद उलटल्याचा आवाज आला. "सात जागे झाले."

मंजिरी म्हणाली, "परत सांगा."

"सात. प्रत्येकात दोन-दोन गोल दिसून राहिले. एक तुमचा, एक तुमच्या साहेबांचा."

"परत सांगा ना."

"सात वं बाई, सात! लाइटअप झालं!"

मी उठलो तो थेट पोह्यांच्या ताटलीवर हात पडला आणि तर्री माझ्या सदऱ्यावर, भिंतीवर, कूलरवर. मी गजूला मिठी मारली, गजू लाल झाला. मंजिरी जमिनीवर बसून हसत होती आणि रडत होती, आणि मध्येच बोटांवर सातपर्यंत मोजत होती. काकू देवघरातून बाहेर आल्या. त्यांना मी आदल्या दिवशी सगळा प्रकार सांगितला होता, तरी त्यांनी त्यांचा मुद्दा सोडला नाही.

"तुले लू लागली का?"

"नाही लागली."

"मंग! माह्या कांद्यानं काम केलं ना."

खापरखेडा

अंडी काढल्यावर तिसऱ्या दिवशी मंजिरी म्हणाली, मला ते बॉयलर बघायचे आहेत. बॉयलर कोण दाखवणार, पण गजूनं गाडी काढली. नागपूरच्या बाहेर पडलं की जमीन इतकी सपाट की माझ्यासारख्या डोंगरातल्या माणसाला उगीच उघड्यावर आल्यासारखं होतं. लांबूनच चिमण्या दिसल्या, उन्हात धूर सोडत. वैशाली मॅडमनी त्यांच्या वडिलांचा पत्ता दिला होता. कॉलनीपासून जवळच त्यांचं छोटं घर, दारात कडुनिंब. म्हातारबा बनियनवर बाजेवर बसले होते. लेकीनं काय सांगितलं होतं कोण जाणे, त्यांनी आम्हाला एक शब्द विचारला नाही. मठ्ठा दिला आणि आपल्या कामाचं सांगत बसले.

"बॉयलरले एक झरोका असते. त्यातून पाहा लागे, निळी काच धरून. तेल टाकलं की बाहेरून काही समजत नसे. कान देऊन उभे राहायचे सगळे. मंग आतमधे ज्योत धरली की मी ओरडो, धरली! अन् मंग सगळे चहा प्यायले जात." त्यांनी मंजिरीकडे पाहिलं. "पोरीले लहानपणी एकदा दाखवलं होतं. आता पोरगीही तेच करून राहिली. झरोक्यातून पाहणं."

मंजिरीनं वाकून त्यांना नमस्कार केला. परत येताना ती गाडीच्या काचेतून त्या चिमण्या दिसेनाशा होईपर्यंत मागे वळून बघत होती. मला माझा अभिमान वाटला नाही, पण तिचा खूप वाटला.

पाचव्या दिवशी दोन गर्भ तिच्या पोटात सोडले. पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला आणि थांबला. मी त्या दिवशी तीनदा आंघोळ केली होती, बिनसाबणाची. वैशाली मॅडम म्हणाल्या, "आज कशाचाच वास नाही. शाबास."

घर

गजूनं निघताना संत्र्याची चार कलमं दिली, नाहीतर वाडीला काय तोंड दाखवणार. ती आणून लावली. बारा दिवसांनी रक्त तपासलं आणि उत्तर हो आलं. आईला सांगितलं तेव्हा ती देवापुढे दिवा लावून मंजिरीला म्हणाली, "बघ, सोमवार फळाला आले."

मी तेव्हाही गप्प राहू शकलो असतो. सगळं गोडीगुलाबीत झालं असतं. पण मला तुपाची वाटी हवेत धरलेल्या काकूंचं तोंड आठवलं. मी म्हटलं, "आई, सोमवार तिनं केले, पण इलाज माझा झाला. खोट माझ्यात होती. आपण नऊ वर्षं चुकीच्या माणसाला उपास घडवले." आई आत गेली आणि मंजिरीसाठी मऊभात घेऊन आली. पुढे कित्येक महिने आमच्या घरात तो विषय निघाला नाही. डोहाळजेवणाला बायका जमल्या तेव्हा आईनंच सगळ्यांना खरं सांगितलं, माझ्यादेखत. कान तापले, पण सहन झालं.

मुलगी आता सात महिन्यांची आहे. बारशाला गजू आणि काकू आले होते. काकूंनी आल्या आल्या पाळण्याच्या उशाशी कांदा ठेवला. आमच्याकडे लू नाही असं मी सांगून पाहिलं, त्यांना ऐकू आलं नाही. संत्र्याच्या चार कलमांपैकी एक जगलं आहे. त्याला फळ येईल असं मला वाटत नाही, पण लोक येऊन बघून जातात.

हल्ली नर्सरीत काही पुरुष येतात. एकटे येतात, चिकूची दोन कलमं घेतात, पैसे देतात आणि जात नाहीत. कुंडीला बोट लावतात, पावसाचं विचारतात. मी ओळखतो. हे सगळं लिहिलं ते त्यांच्यासाठी, कारण तोंडानं विचारायला त्यांना जड जातं, आणि मलाही नऊ वर्षं गेलंच होतं.

परवा असाच एक जण आला होता, राजापूरकडचा. अर्धा तास हापूसच्या कलमांभोवती फिरला आणि शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, ते तुमचं नागपूरचं..." तेवढ्यात घरातून आमच्या कन्येनं असा सूर लावला की झाडावरचे कावळे उडाले. रात्रभर ती जागी होती, सकाळी जागी होती, आताही जागीच होती. तो दचकला.

"काही नाही," मी म्हटलं. "तिला एकदा उठवायला आम्हाला नऊ वर्षं लागली. त्यानंतर ती झोपलेली नाही. बसा, पत्ता लिहून देतो. आणि जाताना अत्तर लावू नका."